कात्री हाती घेण्याआधी पिंजरा पाहावा

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत लव्हबर्ड पक्ष्यांच्या देखभालीविषयी आलेला लेख वाचला. इतक्या लहान पक्ष्याला वर्तमानपत्रात एवढी जागा क्वचितच मिळते, त्याबद्दल प्रथम आभार मानते. मात्र त्या लेखातल्या दोन गोष्टी मनाला लागून राहिल्या, म्हणून हे पत्र. लेखासोबतच्या छायाचित्रात पक्ष्यांची एक जोडी घुमटाच्या आकाराच्या, उंच पण अरुंद अशा गोल पिंजऱ्यात बसलेली दिसते. आणि मजकुरात पंख, नखे व चोच यांची ‘नियमित छाटणी’ ही देखभालीची पहिली पायरी म्हणून सांगितली आहे. हे पक्षी अनेक वर्षे सांभाळणारी एक वाचक म्हणून मला असे सांगावेसे वाटते की, या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. नखे झिजवणे, चोच आकारात ठेवणे, पिसे साफसूफ ठेवणे ही बहुतेक कामे लव्हबर्ड स्वतःच करत असतो. त्यासाठी लागणारी जागा, लाकूड, पाणी आणि सोबत पिंजऱ्यात मिळाली नाही, की मग माणसाला कात्री उचलावी लागते. म्हणून छाटणीचा विचार करण्यापूर्वी पिंजऱ्याचा विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते थोडे तपशिलात मांडण्याची परवानगी असावी.

लव्हबर्ड हा अ‍ॅगापॉर्निस या प्रजातीतला, आखूड शेपटीचा आणि जाड, दणकट चोचीचा छोटा पोपट. या प्रजातीत नऊ जाती आहेत. त्यांतल्या आठ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या, तर करड्या डोक्याची नववी जात मादागास्कर बेटावरची. पाळण्यात मुख्यतः तीनच जाती दिसतात : पीच-फेस्ड, फिशर आणि मास्क्ड. (लांब शेपटीच्या ऑस्ट्रेलियन बजरीगरलाही पुष्कळ जण लव्हबर्डच म्हणतात, त्याची चोच आणि स्वभाव दोन्ही बरेच सौम्य असतात, त्यामुळे त्याच्यासाठीचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.) पीच-फेस्ड हा नामिबिया आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या प्रदेशात पाणवठे धरून थव्याने राहतो आणि कित्येकदा सोशल वीव्हर या सुगरणवर्गीय पक्ष्यांच्या प्रचंड सामूहिक घरट्यांमध्ये मुक्काम ठोकतो. फिशर हा उत्तर टांझानियातल्या गवताळ माळरानांचा पक्षी. लांबी १३ ते १७ सेंटिमीटर, वजन साधारण ४० ते ६० ग्रॅम. चांगली देखभाल झाली तर हे पक्षी १० ते १५ वर्षे जगतात. एवढ्या वर्षांचा संसार ज्या पिंजऱ्यात व्हायचा, तो घरातल्या शोभेच्या वस्तूंशी रंग जुळतो म्हणून निवडला जावा, हे मला पटत नाही.

पिंजऱ्याची उंची पाहून लोक भुलतात. लव्हबर्ड आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर चढत नाही. त्यामुळे त्याच्या उपयोगी पडते ती लांबी. एका जोडीसाठी सुमारे ८० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच एवढा पिंजरा मी किमान मानते, आणि तोही रोज काही वेळ बाहेर उडायला मिळणार असेल तरच. बाहेर काढणे शक्य नसेल, तर याच्या दुप्पट लांबी असावी. दोन गजांमधले अंतर १२ मिलिमीटरच्या आसपास असले म्हणजे डोके अडकण्याची भीती राहत नाही. मोठ्या पोपटांसाठी बनवलेले पिंजरे स्वस्तात मिळाले तरी याच कारणासाठी टाळावेत. निदान दोन बाजूंचे गज आडवे हवेत, कारण हा पक्षी चोचीचा वापर तिसऱ्या पायासारखा करून चढतो, आणि उभ्या गजांवरून तो नुसता घसरत राहतो. छायाचित्रातल्या त्या गोल पिंजऱ्यात वर जाऊन सगळे गज एका बिंदूपाशी मिळतात. तिथल्या निमुळत्या फटीत बोट किंवा चोच अडकण्याचा धोका असतो. शिवाय घाबरलेल्या पक्ष्याला पाठ टेकायला कोपरा सापडत नाही आणि उडायला जागा तर नसतेच.

दाराकडेही बारकाईने पाहावे. वर सरकवायची दारे लव्हबर्ड चोचीने सहज उचलतो. कधी निसटून जातो, तर कधी दार खाली पडून मान चेपली जाते. अशा प्रत्येक दाराला बाहेरून चाप लावावा. पिंजऱ्याचा धातू कोणता आहे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. हे पक्षी दिवसभर काही ना काही कुरतडत असतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीवरचे कण, जुन्या रंगातले शिसे, पडद्याच्या कडेला शिवलेली शिशाची वजने, यांतले काहीही पोटात गेले तर विषबाधा होते. पक्षी उलट्या करतो, तोल सांभाळू शकत नाही, विष्ठेत पाण्याचे प्रमाण वाढते. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा महाग पडतो हे खरे, पण ज्यांना परवडेल त्यांनी तोच घ्यावा. नाहीतर पावडर कोटिंग केलेला घ्यावा आणि त्याचे पोपडे निघू लागताच तो बदलावा.

आता दांड्यांविषयी, कारण नखांचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पिंजऱ्यांत एकाच जाडीच्या, गुळगुळीत, प्लॅस्टिकच्या किंवा रंधलेल्या लाकडाच्या दोन दांड्या लावलेल्या असतात. पक्षी आयुष्यभर पायांवरच असतो, झोपतोही उभ्याने. दांडीची जाडी सगळीकडे सारखीच असेल, तर तळव्याच्या त्याच त्या ठिकाणी दाब येत राहतो, आधी तिथली खवलेदार त्वचा चकचकीत व लालसर होते, मग जखम होते आणि पुढे तिच्यात संसर्ग शिरतो. दुसरीकडे, गुळगुळीत पृष्ठभागावर नखे घासलीच जात नाहीत. झाडाच्या खऱ्या फांद्या, सालीसकट, एका सेंटिमीटरपासून दोन सेंटिमीटरपर्यंत कमीजास्त जाडीच्या, थोड्या वाकड्यातिकड्या, अशा वापरल्या तर दोन्ही गोष्टी आपोआप साधतात. फांदी विषारी नसलेल्या आणि कीटकनाशक न फवारलेल्या झाडाची असावी. ती घासून धुऊन कडक वाळवून मगच आत लावावी. एखादी खरखरीत दांडी खाण्याच्या भांड्याजवळ असावी, म्हणजे पक्षी तिथे थोडा वेळ टेकतो आणि नखे झिजतात. झोपण्याच्या जागी ती नको, कारण रात्रभर खरखरीत पृष्ठभागावर उभे राहिल्याने तळवे सोलवटतात. दांडीवर चढवायचे सँडपेपरचे वेष्टण मिळते, ते अजिबात वापरू नये. त्याने नखे फारशी झिजत नाहीत, तळव्यांना मात्र इजा होते. सगळ्या दांड्या दोन टोकांना लावून मधली जागा मोकळी सोडावी, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला उडावेच लागते. खाण्यापिण्याच्या भांड्यांवर मात्र दांडी येऊ देऊ नये.

चोचीचेही तसेच आहे. चोच म्हणजे हाडावर चढलेले केराटिनचे (आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याचे) आवरण. ते आयुष्यभर वाढत राहते, आणि पक्षी कुरतडून, घासून ते आकारात ठेवतो. त्याला रोज कुरतडायला काहीतरी हवेच : मऊ लाकडाचे तुकडे, सालीसकट डहाळ्या, बिनरंगी पुठ्ठा, कोरा कागद. कट्लबोन (कट्लफिश या समुद्री प्राण्याच्या अंगातले पांढरे, ठिसूळ कवच) ठेवला तर चोच घासली जाते आणि शरीराला कॅल्शियमही मिळते. खेळणी निवडताना सुती दोऱ्यांचे झुपके टाळावेत. सुटलेल्या धाग्यात बोट गुंतते, आणि वाढलेली नखे असतील तर नक्कीच गुंतते.

इतके करूनही चोच वाढत राहिली, वाकडी झाली किंवा तिचे पापुद्रे सुटू लागले, तर ते आजाराचे लक्षण समजावे. यकृताचे विकार, केवळ बियांवर पोसल्यामुळे होणारी ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता, खरजेचे किडे, जुनी इजा, काही विषाणू यांपैकी काहीही कारण असू शकते. चोचीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. घरच्या नेलकटरने ती कापली तर ती चिरते, रक्त थांबत नाही आणि वेदनेने पक्षी खाणे सोडतो. चोच घासून घ्यायची वेळ आलीच तर ते काम पक्ष्यांच्या वैद्यकाची माहिती असलेल्या पशुवैद्यकानेच करावे. ‘नियमित छाटणी’च्या यादीत आपल्या लेखकाने चोचीचे नाव घालायला नको होते, असे मला स्पष्टपणे वाटते.

कागदाचा उल्लेख आला म्हणून एक निरीक्षण नोंदवते, कारण पिंजऱ्यात काय ठेवावे याच्याशी त्याचा संबंध आहे. पीच-फेस्डच्या मादीला कागद दिला तर ती त्याच्या कडेने चोच चालवत एकसारखी भोके पाडत जाते, पट्टी सुटी झाली की मान मागे वळवून ती कमरेवरच्या पिसांत खोचते, पिसे दाबून बसवते आणि पुन्हा कागदाकडे वळते. चार-पाच पट्ट्या पाठीवर घेऊन ती पिंजऱ्यात फिरू लागली की घरातली मंडळी हा खेळ म्हणून कौतुकाने पाहतात. ही घरट्याची तयारी असते. फिशर आणि मास्क्ड या जाती मात्र घरट्याचे साहित्य चोचीतून नेतात. कॉर्नेल विद्यापीठातले संशोधक विल्यम डिल्गर यांनी पीच-फेस्ड आणि फिशर यांच्या संकरातून झालेल्या पक्ष्यांचा अभ्यास करून १९६२ साली तो प्रसिद्ध केला. ती संकरित पाखरे पट्टी पिसांत खोचायला जात, पण ती धड खोचताही येत नसे आणि सोडवतही नसे. काही वर्षांनी ती चोचीतून पट्टी न्यायला शिकली, तरी मान मागे वळवण्याची ती निष्फळ हालचाल पूर्णपणे गेली नाही. अशी संतती पुढे प्रजोत्पादनही करू शकत नाही. रंगांची हौस म्हणून वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकाच पिंजऱ्यात कोंबणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

मादी अशी तयारी करू लागली की अंधारी पेटी, कापडी तंबू, झोपडी असले काही पिंजऱ्यात ठेवू नये. आडोसा मिळाला की ती अंडी घालते, नर नसला तरी घालते, आणि ती काढून टाकली की पुन्हा घालते. शरीरातले कॅल्शियम अशा रीतीने संपत गेले की अंडे आत अडकते. फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, शेपटी वरखाली करत जोर लावणारी मादी दिसली, तर उद्यापर्यंत थांबू नये, त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. कापडी तंबूंचा आणखी एक धोका म्हणजे त्यांचे धागे पोटात जाऊन आतडे अडते. ज्यांना पैदास करायची नाही त्यांनी पेटी ठेवण्याचे काहीही कारण नाही. लव्हबर्ड उघड्या दांडीवर उत्तम झोपतो.

जोडीविषयी थोडक्यात. लव्हबर्ड थव्यात राहणारा पक्षी असल्यामुळे एकट्या पक्ष्याला रोज काही तास माणसाची सोबत देता येत नसेल, तर त्याला जोडीदार असावा. पीच-फेस्ड, फिशर आणि मास्क्ड या तिन्ही जातींत नर व मादी दिसायला सारखेच असतात, त्यामुळे विकत घेताना सांगितलेल्या ‘जोडी’वर विसंबून न राहता डीएनए चाचणी करून घ्यावी, दोन माद्या एका लहान पिंजऱ्यात असतील तर भांडण जिवावर बेतू शकते. याच कारणाने बजरीगर, फिंच किंवा इतर लहान पक्षी यांच्यासोबत ठेवू नयेत. लव्हबर्ड पायांची बोटे पकडतो, आणि त्याच्या चोचीपुढे त्यांचा निभाव लागत नाही. नवा पक्षी आणल्यावर किमान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा. पोपटवर्गीयांत चोच आणि पिसे नासवणारा एक विषाणूजन्य रोग आहे. तो विष्ठेतून आणि पिसांच्या भुकटीतून पसरतो, आणि लव्हबर्डच्या बाबतीत वरून ठणठणीत दिसणारा पक्षीही त्याचा वाहक असू शकतो.

पिंजरा कुठे ठेवावा, याचा विचार करताना हवा हा मुद्दा सर्वांत वर ठेवावा. पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि शरीरभर पसरलेल्या वायुकोशांमुळे प्रत्येक श्वासातला प्राणवायू पुरेपूर शोषला जातो. उडण्यासाठी ही व्यवस्था लागते, पण हवेतले विषही तितक्याच पुरेपूरपणे आत जाते. नॉन-स्टिक भांडे आचेवर विसरून जास्त तापले, तर त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवण्याआधी लव्हबर्ड दांडीवरून खाली कोसळलेला असतो. म्हणून स्वयंपाकघरात पिंजरा कदापि नको, आणि त्याला लागून असलेल्या खोलीतही शक्यतो नको. डास मारणाऱ्या कॉइल, डांबराच्या गोळ्या, सुगंधी फवारे, सिगारेटचा धूर, ताजा रंग हे सगळे त्याच माळेतले. पिंजऱ्याची निदान एक बाजू भिंतीला टेकलेली असावी आणि तो साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर असावा. सकाळचे कोवळे ऊन मिळावे, पण सावलीत सरकता येईल असा भागही असावा. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण जवळजवळ नसतातच, म्हणून अधूनमधून काचेशिवायचे ऊन हवे. अशा वेळी पिंजऱ्याजवळ माणूस बसून राहिला पाहिजे, कारण मांजर किंवा शिकारी पक्षी यायला क्षणही पुरतो. रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता मिळायला हवी. ज्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत टीव्ही चालतो, तिथे पिंजऱ्यावर कापड टाकल्याने प्रकाश अडतो, आवाज अडत नाही.

पिसांच्या बाबतीत तर माणसाला करण्यासारखे फारच थोडे असते. लव्हबर्डच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्यावर चोच घासून तो ते तेल पिसांना लावतो आणि एकेक पीस चोचीतून ओढून त्याचे विस्कटलेले तंतू पुन्हा जुळवतो. दिवसाचा बराच वेळ त्याचा यात जातो. आपण पाणी द्यायचे, एवढेच. उथळ, जड बुडाच्या भांड्यात दोन बोटे पाणी सकाळच्या वेळी ठेवावे, म्हणजे रात्रीपूर्वी पिसे पूर्ण वाळतात. काही पक्षी भांड्यात उतरत नाहीत, पण ओल्या पानांच्या जुडीवर अंग घासून मनसोक्त भिजतात. काहींना वरून बारीक तुषार आवडतात. साबण, शाम्पू, तेल यांतले काहीही लावू नये, त्याने पिसांचे पाणी अडवणे थांबते. केस वाळवण्याचे यंत्रही वापरू नये, कारण काही यंत्रांतल्या तापणाऱ्या भागावर नॉन-स्टिकसारखेच आवरण असते.

पिसे झडण्याच्या काळात डोक्यावर आणि मानेवर पांढुरक्या आवरणात गुंडाळलेली कोवळी पिसे उभी राहतात. तिथे पक्ष्याची स्वतःची चोच पोहोचत नाही. जोडीदार असेल तर तो हे आवरण हलकेच चावून फोडतो. दोघे एकमेकांसमोर मान वाकवून बसलेले दिसतात, ते बहुतेक वेळा याच कामासाठी. एकटा पक्षी असेल आणि तो मान पुढे करत असेल, तर आपण बोटांच्या चिमटीत ती आवरणे अलगद चुरडावीत, पण ज्या पिसाच्या मुळाशी अजून निळसर-काळपट रक्त दिसते त्याला हात लावू नये. पंखातले किंवा शेपटीतले असे रक्ताळ पीस तुटले तर बराच रक्तस्राव होतो; त्या वेळी स्वच्छ कापसाने किंवा कापडाने दाब द्यावा आणि थांबले नाही तर दवाखाना गाठावा. झडण्याचा काळ नसताना छातीवर, काखेत किंवा पंखाच्या आतल्या बाजूला उघडी कातडी किंवा जखम दिसली, तर तो मामला दवाखान्याचाच. काखेतली चिघळणारी जखम लव्हबर्डमध्ये विशेष आढळते आणि ती घरगुती मलमाने बरी होत नाही. चिकट मलमाने पिसे चिकटून उलट त्रास वाढतो.

दांड्या बदलूनही नखे वाढलीच, म्हणजे सपाट जागेवर उभे असताना बोट उचलले जाऊ लागले किंवा कापडात नखे अडकू लागली, तर ती कापावी लागतात, हे मी नाकारत नाही. म्हातारे किंवा पायाने अधू पक्षी असतील तर हे काम वरचेवर करावे लागते. पण ते कसे करतात हे आधी जाणत्याकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे, कारण यात कात्रीपेक्षा पक्ष्याला धरणाऱ्या हाताची भीती जास्त असते. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढेमागे हलवूनच तो श्वास घेतो. छातीवर मूठ आवळली तर तो ओरडत नाही, चोच उघडून निमूट पडून राहतो, आणि धरणाऱ्याला वाटते की आता शांत झाला. पातळ रुमालाने पाठीमागून धरावे, अंगठा आणि एक बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना टेकवावे, छाती पूर्ण मोकळी ठेवावी, आणि सगळे काम एक-दोन मिनिटांत आटोपावे. दोन नखे झाली आणि पक्षी धापा टाकू लागला, तर उरलेली दुसऱ्या दिवशी कापावीत.

नखाच्या आत रक्तवाहिनी असते. फिकट नख उजेडासमोर धरले तर तिची गुलाबी रेघ दिसते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून तिथे केवळ टोकाचा आकडा कानशीने घासावा. पन्नास ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात एकूण रक्त सुमारे पाच मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचाभर असते. त्यातले अर्धा मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दहा थेंब, गेले तर निरोगी पक्षी सावरतो; त्याहून जास्त गेले तर काळजीचे असते. रक्त थांबवण्याची पूड शेजारी उघडी करून ठेवल्याशिवाय नखाला हात लावू नये. ती पूड नखापुरतीच वापरावी. कातडीच्या जखमेवर ती टाकू नये.

आणि आता पंख. लेखात पंख छाटण्याला पक्ष्याच्या सुरक्षिततेचा उपाय म्हटले आहे. बाहेरच्या दहा मोठ्या पिसांपैकी काही कापली की पक्षी उडत नाही, असा समज आहे. लव्हबर्डच्या बाबतीत तो फसवा ठरतो. शरीराच्या वजनाच्या मानाने त्याचे पंख भक्कम असतात. थोडी पिसे कापली तर तो उडतोच, आणि वाऱ्याची साथ मिळाली तर छाटलेल्या पंखांनिशी झाडावर जाऊन बसतो. मालक मात्र ‘पंख छाटलेत’ या भरवशावर खिडकी उघडी ठेवून असतो. जास्त पिसे कापली तर पक्षी दगडासारखा खाली आदळतो आणि छातीच्या हाडावरची कातडी फाटते. एकाच बाजूची कापली तर तोल जाऊन तो गिरक्या घेत पडतो. कापलेल्या पिसांची धारदार टोके बरगड्यांना टोचत राहतात, ती टोचतात म्हणून पक्षी ती चावू लागतो, आणि पिसे उपटण्याची सवय कधी कधी इथूनच लागते. पिल्लांचे पंख ती नीट उडायला शिकण्याआधी छाटणे तर सर्वांत वाईट, कारण उडणे, वळणे आणि उतरणे हे ज्या वयात शिकायचे ते वय मग परत येत नाही. काही विशेष परिस्थितीत, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, दोन्ही बाजूंची थोडी पिसे कापावी लागत असतील. सरसकट उपाय म्हणून तो सुचवू नये.

पंख न छाटता सुरक्षितता राखणे अवघड नाही, मात्र त्याला शिस्त लागते. पक्षी बाहेर काढण्यापूर्वी छताचा पंखा बंद करावा आणि तो पूर्ण थांबला आहे हे डोळ्यांनी पाहावे. खिडक्या बंद करून काचांवर आणि आरशांवर पडदे ओढावेत. पाण्याच्या बादल्या, उघडी भांडी झाकावीत, विजेच्या तारा उचलून ठेवाव्यात, आणि घरातल्या प्रत्येकाला सांगावे की आता दार उघडायचे नाही. खाणे बाहेर न देता पिंजऱ्यातच द्यावे, म्हणजे भूक लागली की पक्षी आपण होऊन आत जातो, त्याच्यामागे धावावे लागत नाही. रोज तासभर असा उडणारा पक्षी अंगाने कसदार राहतो, भांडतो कमी आणि झोपतो चांगला.

स्वच्छतेबद्दल लेखात बरेच चांगले लिहिले आहे, त्यात एकाच गोष्टीची भर घालते. तळाशी लाकडाचा भुसा किंवा मक्याच्या कणसाचा चुरा घालण्यापेक्षा साधे वर्तमानपत्र घालावे (रंगीत गुळगुळीत पाने सोडून). भुशात ओल धरून बुरशी वाढते आणि ती पक्ष्यांच्या श्वासमार्गात जाते. शिवाय भुशात विष्ठा दडून जाते. कागदावर ती स्पष्ट दिसते : गडद भाग, त्याभोवती पांढरा भाग आणि थोडेसे स्वच्छ पाणी. यांचा रंग किंवा प्रमाण बदलले आणि एका दिवसात पूर्ववत झाले नाही, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. त्याच्या जोडीला ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घरात असावा आणि आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्यापूर्वी वजन घेऊन लिहून ठेवावे. लव्हबर्ड आजार शक्य तितका लपवतो. पिसे फुगवून तो गोंडस दिसत असतो आणि आत छातीचे हाड टोकदार होत चाललेले असते. पन्नास ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन पाच ग्रॅमने उतरले, तर तो वरून कितीही टवटवीत दिसला तरी त्याला दाखवून आणावे.

आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे, आणि त्यातली कितीतरी मुले त्या छायाचित्राकडे बोट दाखवून ‘असाच पिंजरा आणि असेच पक्षी’ असा हट्ट धरतील. म्हणून विनंती अशी की, या विषयावर पुढे लेख आला तर त्यासोबत लांबट, आयताकृती पिंजऱ्याचे छायाचित्र छापावे, त्याखाली पिंजऱ्याची लांबी आणि गजांमधले अंतर द्यावे, आणि चोच व पंख यांच्या छाटणीचा सल्ला पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला दाखवून मगच प्रसिद्ध करावा. तोवर आधीच्या लेखातील चोच छाटण्याच्या सूचनेपुरती एक दुरुस्ती येत्या अंकात दिलीत, तरी पुष्कळ होईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक पक्षिपालक वाचक